एका काळ्या रेषेसाठी किती लाकूड काढावं लागतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रिंटमेकिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीला सेमिनारसाठी 'आधुनिक अमेरिकन मुद्राचित्रकार' हा विषय मिळाला. तिने झरीना हाशमी निवडल्या. सरांनी विचारलं, "अलीगढची बाई अमेरिकन कशी?" वर्गातल्या एकाने 'डिव्हायडिंग लाइन'चा फोटो बघून म्हटलं, "एक वाकडी रेष आहे, यात कौशल्य ते काय?" आता तिला विचारायचंय की निवड चुकली का, नसेल तर कुठली कामं घ्यावीत, आणि त्या रेषेबद्दल काय उत्तर द्यावं.

निवड चुकलेली नाही. सरांची शंका आधी मिटवू, ती सोपी आहे. झरीना यांचा जन्म 16 जुलै 1937चा, अलीगढचा. पण 1970च्या दशकाच्या मध्यावर त्या अमेरिकेत गेल्या, न्यूयॉर्कला स्थिरावल्या, आणि ज्या कामांमुळे आज त्यांचं नाव घेतलं जातं ती जवळपास सगळी तिथेच झाली. न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत त्यांच्या नावापुढे 'अमेरिकन, जन्म भारत' असं लिहितात. 2011 साली व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, भारताचं दालन मुंबईचे कवी-समीक्षक रणजित होस्कोटे यांनी मांडलं, तेव्हा त्यात याच झरीना होत्या. म्हणजे दोन्ही देश त्यांना आपलं म्हणतात. त्या स्वतः मात्र सहीला आडनावही लावायच्या नाहीत, नुसतं 'झरीना'. सेमिनारमध्ये नागरिकत्वावर एका वाक्यापेक्षा जास्त वेळ घालवू नका.

आता ती रेष. मला खरं बोलायचंय ते तिच्याबद्दलच.

मी तीसेक वर्षं लाकूड कोरतोय. 'डिव्हायडिंग लाइन' (2001) पहिल्यांदा छापील कॅटलॉगमध्ये पाहिली तेव्हा मीही पान उलटून पुढे गेलो होतो. फिक्या पिवळसर हातकागदावर एक जाड काळी रेष वरून खाली वळत वळत येते. दोन्ही बाजूंना काही नाही, फक्त बारीक काळ्या खुणांचा विखुरलेला पाचोळा. ही रेष म्हणजे भारत-पाकिस्तान सीमा. फाळणीची सीमा आखणारे ब्रिटिश वकील सिरिल रॅडक्लिफ 8 जुलै 1947ला भारतात आले, पाच आठवड्यांत त्यांनी आखणी संपवली, आणि ती जाहीर झाली 17 ऑगस्टला, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. झरीना तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. हे सगळं कुठल्याही लेखात वाचायला मिळेल आणि तुमच्या वर्गमित्रालाही ठाऊक असेल. त्याला कळलेलं नाही ते हे की ती रेष कोरलेली नाही.

वुडकटमध्ये, म्हणजे लाकडी ठशाच्या छपाईत, जे कोरतो ते पांढरं राहतं, जे ठेवतो त्याला शाई लागते. लायनो कापणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे माहीत असतं, पण चित्र बघताना आपण ते विसरतो. पांढरी रेष हवी असेल तर कोरणी घ्या आणि ओढा, झालं. काळी रेष हवी असेल तर रेषेला हात लावायचा नाही, बाकीचं सगळं लाकूड काढायचं. डावीकडचं काढायचं, उजवीकडचं काढायचं, आणि मधे जो बांध उरेल तो ढासळू द्यायचा नाही. म्हणजे सीमा दाखवायला त्यांनी सीमा आखली नाही. दोन्हीकडचा मुलूख खरवडून काढला आणि जे उरलं त्याला सीमा म्हटलं.

हे समजून घ्यायला मी एकदा करून बघितलं. बारा बाय दहा इंचाचं प्लायवूड घेतलं आणि आमच्या गावच्या नदीची रेष पेन्सिलने काढली. एका तुकड्यावर ती पांढरी कोरली, दहा मिनिटं लागली. दुसऱ्यावर ती काळी राखली. चार संध्याकाळी गेल्या, अंगठ्याला फोड आला, आणि तिसऱ्या दिवशी एका वळणावर प्लायचा वरचा पापुद्रा उडून नदीच तुटली. चिकटवली, पण छापात तो सांधा दिसतोच. तुमच्या वर्गमित्राला हा प्रयोग सांगा. वाद घालण्यापेक्षा त्याच्या हातात कोरणी द्या.

आणि त्या पाचोळ्यासारख्या खुणा? सपाट भाग काढताना कोरणीच्या दोन फटकाऱ्यांमध्ये लाकडाच्या बारीक शिरा उभ्या राहतात. रोलर फिरवला की त्यांच्या टोकांना शाई लागते आणि कागदावर बारीक तुरे उमटतात. आपल्याकडे बहुतेक शिक्षक सांगतात, 'घाण काढ.' मीही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं तेच सांगत आलो. झरीना यांना स्वच्छ जमीन काढता येत नव्हती असं कुणी म्हणणार नाही, त्यांची इतर कामं बघा. इथे त्यांनी त्या खुणा राहू दिल्या. त्या तिथे आहेत म्हणूनच बघणाऱ्याला कळतं की बाजूची जागा मुळात रिकामी नव्हती, ती रिकामी केली गेली.

एवढं सांगून थांबलो तर कुणी म्हणेल, हा योगायोग असेल, वुडकट येत होतं म्हणून वुडकट केलं. म्हणून त्यांचं शिक्षण पाहायला हवं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातून 1958 साली गणित घेऊन बी.एस्सी. झाल्या. कलाशाळेत रीतसर गेल्याच नाहीत. पती परराष्ट्र सेवेत, त्यामुळे लग्नानंतर आधी बँकॉक. लाकडाचे ठसे त्यांनी पहिल्यांदा तिथे पाहिले नि हाताळले. 1960च्या दशकात पॅरिस, आणि तिथे स्टॅन्ली विल्यम हेटर यांचा 'अतेलिए 17' हा स्टुडिओ. धातूच्या प्लेटवरच्या कामाची त्या काळातली ही मोठी शाळा. व्हिस्कॉसिटी प्रिंटिंग तिथलंच. एकाच प्लेटवर कमी-जास्त पातळ शाया, एक मऊ नि एक कडक रोलर, जवसाच्या तेलाचं प्रमाण सांभाळलं की शाया एकमेकींत मिसळत नाहीत, आणि एका दाबात सगळे रंग. ही पद्धत घडवण्यात दोन भारतीयांचा मोठा हात होता: कृष्णा रेड्डी, आणि मुंबईच्या कला शाळेत शिकलेले कैको मोती. (मोतींचं नाव आपल्याच मुलांना माहीत नसतं. तो वेगळा सेमिनार होईल.)

अशा रंगांच्या भट्टीतून ही बाई बाहेर पडली ती काळा रंग आणि कागद घेऊन. 1974 साली टोकियोत तोशी योशिदा यांच्या स्टुडिओत जपानी पद्धतीचं लाकूडकाम शिकल्या. म्हणजे धातू, आम्ल, लाकूड, सगळं हाताशी होतं. माध्यम निवडलं ते विचार करून.

पुरावा त्यांच्याच कामात आहे. 1997 सालचा संच आहे, 'होम्स आय मेड / अ लाइफ इन नाइन लाइन्स'. नऊ एचिंग. बँकॉक, दिल्ली, पॅरिस, बॉन, टोकियो, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, सांताक्रूझ (आपलं नव्हे, कॅलिफोर्नियातलं), जिथे जिथे संसार मांडला त्या घरांचे नकाशे. एचिंगमध्ये रेष काढणं म्हणजे मेणाच्या थरातून सुई ओढणं, बाकीचं काम आम्ल करतं. हात लिहिल्यासारखा चालतो. बाईने स्वतः लावलेली घरं, तिथे रेष अशी सरळ हाताने ओढलेली आहे. चार वर्षांनी सीमारेषा करायची वेळ आली तेव्हा सुई बाजूला ठेवून कोरणी उचलली. एचिंगमध्ये तीच रेष एका दुपारचं काम होतं.

आता याच्या उलटं उदाहरण, आणि सेमिनारमध्ये ही दोन चित्रं शेजारी शेजारी लावा असं माझं ठाम सांगणं आहे. 2003 साली त्यांनी नऊ वुडकटांचा एक संच केला. त्याचं लांबलचक इंग्रजी शीर्षक अमेरिकन कवयित्री एड्रियन रिच यांच्या गालिबवरून लिहिलेल्या ओळीतून घेतलंय. अर्थ साधारण असा, की वैराणात पुसली गेलेली ही शहरं. ग्रोझ्नी, सारायेवो, स्रेब्रेनित्सा, बैरूत, जेनिन, बगदाद, काबूल, अहमदाबाद आणि न्यूयॉर्क. न्यूयॉर्कचं चित्र म्हणजे पूर्ण काळ्या चौकटीत दोन उभ्या पांढऱ्या रेषा. बस. 2001च्या हल्ल्यात कोसळलेले ते दोन मनोरे कुणालाही ओळखू येतात. पण ठशाच्या भाषेत काय झालंय बघा. इथे मनोरे हेच काढून टाकलेलं लाकूड आहे. शहर शाबूत, मनोऱ्यांच्या जागी खाच. सीमारेषेच्या चित्रात प्रदेश काढला आणि रेष ठेवली, इथे सगळं ठेवलं आणि तेवढं काढलं. दोन्हींत कोरणी तीच, फक्त काय काढायचं हे उलटं. तुमच्या वर्गमित्राला कौशल्य कुठे आहे ते इथे दाखवता येईल.

तांत्रिक माणसं विचारतील म्हणून सांगतो, दोन खाचा मारणं सोपं असलं तरी बाकीचा काळा सोपा नसतो. मोठा सपाट काळा भाग हा नवशिक्याचा काळ आहे. शाई पातळ झाली तर ढगाळ दिसतो, जाड झाली तर खाचेत उतरून कडा खाते. कागद जास्त कोरडा असेल तर मधे पांढरे ठिपके पडतात. एकसारखा काळा छापून दाखवा म्हटलं की चांगल्या चांगल्यांची प्रूफं, म्हणजे चाचणीचे छाप, रद्दीत जातात.

कुठली कामं घ्यायची, तर माझ्या मते सगळी कारकीर्द क्रमाने सांगायच्या फंदात पडू नका. वीस मिनिटांत ती नुसती यादी होते. सुरुवातीच्या काळातलं एक घ्या. 1968 ते 1974 त्या दिल्लीत होत्या, तेव्हाचे ठसे टाकाऊ लाकडाच्या तुकड्यांचे आहेत. तुकडे जुळवायचे, शाई लावायची, हातकागदावर छापायचं. चित्र असं काही कोरलेलंच नाही, लाकडाचे दोरे नि भेगा जशाच्या तशा. त्याच काळात त्या दिल्लीत ग्लायडर उडवायला शिकल्या होत्या, आणि पुढच्या नकाशांतली वरून बघायची नजर अनेकांना त्यात दिसते. मला त्यापेक्षा गणिताची पदवी जास्त महत्त्वाची वाटते, पण हे माझं मत.

मधल्या काळातलं एक घ्या, शाई नसलेलं. 1977च्या आसपास त्यांनी कागदाला नुसत्या सुईने भोकं पाडून चित्रं केली. पांढऱ्यावर पांढरं, उजेड तिरका पडला तरच दिसणारं. पती त्याच साली गेले. या दोन गोष्टींची गाठ मी मारणार नाही, तुम्हीही मारू नका. परीक्षकांना असं आवडतं हे खरं, पण आपल्याला ते माहीत नाही. त्यानंतर कागदाच्या लगद्याचे साच्यातून काढलेले उठाव आले. कागद हा माणसाच्या कातडीसारखा असतो, ओरखडा धरतो, घडवता येतो, वय झालं की सुरकुततो, अशा अर्थाचं त्या म्हणत. 2012 साली लॉस एंजेलिसच्या हॅमर म्युझियममध्ये त्यांचं सिंहावलोकन झालं, त्याचं नावच 'पेपर लाइक स्किन'. पुढच्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या गुगनहाइममध्ये आणि शिकागोतही गेलं. तेव्हा त्या पंचाहत्तरीच्या होत्या. एवढ्या मोठ्या प्रमाणावर दखल घ्यायला अमेरिकेला किती वेळ लागला, ते मोजून बघा.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर एक सांगायला हवं, कारण तुमच्या सरांच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. न्यूयॉर्कमध्ये त्या एकट्या बसून आठवणी कोरत नव्हत्या. 1979मध्ये निघालेल्या न्यूयॉर्क फेमिनिस्ट आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कागद बनवायला शिकवलं. 'हेरेसीज' या स्त्रीवादी कलानियतकालिकाच्या तिसऱ्या जगातल्या स्त्रियांवरच्या अंकाच्या संपादक गटात त्या होत्या. आणि 1980 साली आना मेंदिएता नि काझुको मियामोतो या कलावंतांबरोबर त्यांनी ए.आय.आर. गॅलरीत अमेरिकेतल्या तिसऱ्या जगाच्या स्त्री-कलावंतांचं प्रदर्शन मांडलं. ती गॅलरी स्त्रियांनी चालवलेली, पण जवळपास सगळ्या गोऱ्या. त्यांच्याच भिंतीवर हा सवाल टांगला गेला. हे अमेरिकन कलेच्या इतिहासातलं प्रकरण आहे, आणि ते घडवणाऱ्यांत झरीना आहेत. सरांना एवढं सांगा.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यांत देखणं काम, 'होम इज अ फॉरिन प्लेस', 1999. छत्तीस वुडकट, पंचवीस प्रती. प्रत्येक प्रतिमा आठ बाय सहा इंचांची, पातळ जपानी कोझो कागदावर छापलेली आणि मग जाड सॉमरसेट कागदावर चढवलेली. प्रतिमेखाली एकेक उर्दू शब्द. गंमत अशी की इथे शब्द आधी आले, चित्रं नंतर. त्यांनी शब्दांची यादी केली, ती पाकिस्तानातल्या एका कातिबाकडून, म्हणजे सुलेखनकाराकडून, नस्तलीक या उर्दूच्या वळणदार लिपीत लिहून घेतली, आणि मग प्रत्येक शब्दासाठी ठसा कोरला.

अमेरिकन प्रेक्षकाला तो मजकूर नुसती सुंदर नक्षी वाटतो. तुमचं तसं नाही, आणि याचा फायदा घ्या. लिपी येत नसली तरी कुणाकडून वाचून घ्या आणि वर्गात मोठ्याने म्हणा: घर. चौखट. दरवाजा. आंगन. जमीन. सरहद. आपल्याला कोश उघडावा लागत नाही. आजी दुपारी चौखटीत बसून तांदूळ निवडायची, ती चौखट हीच. आपली सरहद्द तिच्या सरहदपेक्षा एका द-ने जाड आहे इतकंच. पहिला शब्द 'घर', आणि त्याची प्रतिमा म्हणजे घराचा आराखडा, वरून पाहिलेला. पुढे शब्द उंबऱ्याबाहेर पडतात, ऊनपावसाकडे, आकाशाकडे, रस्त्याकडे, अंतराकडे, भाषेकडे. मराठी विद्यार्थ्याने हे काम समजावून सांगणं आणि न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्याने समजावून सांगणं यात फरक पडलाच पाहिजे.

जोडीला वेळ उरला तर 'लेटर्स फ्रॉम होम' (2004) दाखवा. बहीण राणी पाकिस्तानात. तिने झरीनांना पत्रं लिहिली, आईवडिलांच्या जाण्याची, घर विकल्याची, पण टाकली नाहीत. कित्येक वर्षांनी हातात दिली. झरीनांनी त्या हस्ताक्षराचे धातूचे ठसे करून घेतले आणि त्यावर लाकडी ठशातून घराचे आराखडे, नकाशे छापले. खालचं अक्षर दिसतं, पण वाचायला गेलं की मधे भिंत येते. इथे धातू आणि लाकूड एकाच कागदावर का आलेत याचं उत्तर आता तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

झरीना 25 एप्रिल 2020 रोजी लंडनमध्ये वारल्या. त्याच वर्षाच्या सुरुवातीला दिल्लीच्या किरण नाडर म्युझियममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन उघडलं होतं. मूळ काम पाहायची संधी मिळेल तिथे साधा, कारण पडद्यावर त्यांचा कागद दिसत नाही, आणि कागद गेला की निम्मं चित्र गेलं. फोटोच दाखवायचा असेल तर बाजूला हातकागदाचा एक तुकडा फिरवा, मुलांना बोट लावू द्या.

आणि तुम्ही प्रश्नाच्या शेवटी जाता जाता विचारलंय, की तुमच्या स्वतःच्या सध्याच्या ब्लॉकवर पार्श्वभूमीत अशाच खुणा राहिल्यात, सर साफ करायला सांगतात, काय करू? अजून काही कापू नका. आहे तसं एक प्रूफ काढा. मग खुणांवर कागदाचे तुकडे ठेवून त्या झाका आणि दुसरं प्रूफ काढा. दोन्ही भिंतीवर लावून दोन दिवस जाता-येता बघा. काढलेलं लाकूड परत बसवता येत नाही, तेव्हा कोरणी शेवटी.